मालू धवलारणीचा नवस

पनवेल बंदराच्या अलीकडे, मिठागरांच्या कडेला आगऱ्यांची वस्ती होती. त्या वस्तीत लग्नाला भटजी उशिरा आला तर लोक तंबाखू मळत थांबत; पण मालूबाई आली नाही तर हळदीच्या वाटीला कुणी बोट लावत नसे. मालूबाई धवलारीण होती. लग्नात देवांना बोलवायचं, मांडवाला, उखळाला, हळदीला, नवरीच्या पाटाला आपापलं गाणं म्हणायचं, दोन्ही घरच्या मेलेल्या वाडवडलांना नावानिशी आवतण द्यायचं, हे सगळं धवलारणीचं काम. चार दिवसांचं लग्न आणि चार दिवसांची ही गाणी, म्हणजे धवले. ना कागद, ना पोथी, सगळं हिच्या डोक्यात. आजूबाजूच्या बारा गावांत कुठल्या घराचा खापरपणजा कोण, कोण खाडीत बुडाला, कोण पटकीनं गेला, विचारायचा अवकाश, बाई ओळीनं नावं सांगायची. तिला अडाणी म्हणणारे कचेरीतले कारकून स्वतःच्या पणज्याचं नाव सांगताना घामाघूम झाले असते.

वेणू त्या घरात सून म्हणून आली ती सत्तावन्न साली. तिच्या लग्नात मालूबाईनं तिच्या माहेरच्या मेलेल्यांना हाका घातल्या, तेव्हा वेणूच्या बापालाही आठवत नव्हती अशी त्याची एक धाकटी बहीण त्या नावांत निघाली, पोरपणी विहिरीत पडून गेलेली. बाप भर मांडवात ढसाढसा रडला. वेणूनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं की ही विद्या आपण घ्यायची. मालूबाईला लेक नव्हती. ती म्हणाली, "शिक गो बाय, नायतर ह्या सगला माज्यासंगती जलंल." आणि दुसऱ्या दिवशीपासून भात कांडताना तिनं सुनेला एकेक ओळ द्यायला सुरुवात केली.

पण घरात एक गोष्ट वेणूला पहिल्याच आठवड्यात खटकली. खाडीकाठचं घर, सकाळ-संध्याकाळ म्हावरं, म्हणजे मासळी, रांधली जायची. आणि सासूचं ताट मात्र वेगळं. भात, मीठ, कांदा, कधी मिरचीचा ठेचा, कधी नुसती पेज. तिचं मडकं वेगळं, तिची पळी वेगळी. अंडं नाही, कोंबडी नाही. दूध तिला लहानपणापासून सोसत नव्हतं, घोटभर घेतलं तरी पोट बिघडायचं. वेणूनं विचारलं, तेव्हा तिला नवसाची गोष्ट कळली.

त्रेचाळीस साली काशीराम, मालूबाईचा एकुलता एक, सात वर्षांचा होता. नवरा आदल्याच वर्षी मिठागरावर साप चावून गेलेला. आणि पोराला ताप भरला तो उतरेना. वीस दिवस पोर नुसतं कण्हत होतं. विसाव्या दिवशी मालूबाई देव्हाऱ्यापुढं उभी राहिली आणि एकवीरेला म्हणाली, "आये, येवढा एक मना ठेव. मी म्हावरं सोडला, मटन सोडला. मरंपरयंत तोंडाला लावनार नाय." दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तसला ताप तीन आठवड्यांनी बहुतेक उतरतोच, पण ते त्या माउलीला कोण सांगणार? तिनं नवस केला यात तिला कुणी बोल लावू नये. पुढं जे केलं ते मात्र तिनं आपल्या हातानं केलं. पोराला भरवताना, न्हाऊ घालताना, लाडानं गालाला हात लावून ती म्हणायची, "माज्या जिबेवर तुजा जीव हाय रं बाला." रोज म्हणायची. आणि पोरानं ते धरून ठेवलं.

त्यात आणखी एक झालं. काशीराम दहा वर्षांचा असताना एका लग्नात कुणाच्या तरी गाढवपणानं मालूबाईच्या भातात सुकटीचं कालवण पडलं. तिनं घास तोंडात घेतला, कळलं तसा थुंकला, चूळ भरली. आणि त्याच संध्याकाळी काशीराम मिठागराच्या बांधावरून घसरला आणि त्याचा हात मोडला. झालं! वस्तीतल्या प्रत्येक म्हातारीनं डोळे मोठे केले. तो वाकडा जुळलेला हात काशीराम पुढं आयुष्यभर डोळ्यांसमोर घेऊन हिंडला.

एरवी काशीराम वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. कामाला वाघ. बायकोवर हात टाकला नाही, दारूला शिवला नाही. मिठागरावर चाळीस माणसं त्याच्या शब्दावर वागत. पण मरणाला असा भ्यायचा की नुसती शिंक आली तरी कपाळाला हात लावून बघायचा. एवढा घोडा वाढलेला, आणि जेवायला बसताना पहिल्यांदा आईच्या ताटात डोकावून बघायचा, काही चुकून पडलंय का.

एकोणसाठ साली मालूबाईची जीभ सोलल्यासारखी लाल झाली. ठेचा सोसेना. मग पायांचं सुरू झालं. बांधावरून डोळे मिटून चालणारी बाई, ती आता खाली बघून पाऊल टाकायला लागली. "पाय जमिनीला लागलेलेच समजत नाय गो," ती वेणूला म्हणाली, "कापसावरशी चालतंय असा वाटतं." सुई बोटांतून सुटायची. चेहरा पिवळट पडला. आणि मग भात कांडताना एक दिवस ती वेणूला उखळाचा धवला सांगता सांगता थांबली. वेणूला वाटलं, दम लागला असेल. सासू मुसळ धरून तशीच उभी होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "फुडं काय?" पुढचं वेणूला अजून शिकवलेलंच नव्हतं.

बोभाटा झाला तो पुढल्या साली, भीमाबाईच्या नातीच्या लग्नात. भीमाबाई म्हणजे मालूबाईची जोडीदारीण. मालूबाईनं ओळ उचलायची आणि भीमाबाईनं तिच्यामागून ती झेलायची, अशी वीस वर्षांची जोडी. वाडवडलांना आवतण द्यायची वेळ आली. मालूबाईनं सुरुवात बरोबर केली, मग नावं एकमेकांत मिसळली. या घरात त्या घरचे मेलेले आले. भीमाबाई कोपरानं ढोसतेय, बायका एकमेकींकडं बघताहेत, आणि मालूबाई आपली डोळे मिटून गातेय. गाता गाता मेलेल्यांच्या रांगेत तिनं स्वतःच्या लेकाचं नाव घेतलं. काशीराम, मांडवाला ये!

काशीराम मांडवाच्या मेढीला टेकून उभा होता. तो तिथून जो निघाला तो घरी येऊन घोंगडी पांघरून पडला. आईला काय होतंय हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. आपलं काय होणार हेच त्याला पडलेलं.

वेणूनं मग कुणाला विचारलं नाही. ती सासूला घेऊन पनवेलच्या बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडं गेली आणि काशीरामला मागोमाग यायला लावलं. डॉक्टर म्हातारे, तोंडाचे फटकळ. त्यांनी खालची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली, मालूबाईला पाय जुळवून डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. तिनं डोळे मिटले आणि ती झाडासारखी कलली. वेणूनं धरली म्हणून, नाहीतर टेबलावरच पडायची.

"मासळी खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"सतरा वर्सं नाय."

"अंडं? दूध? ताक?"

"नाय."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, "अहो, मग काय खाऊन जगता? नसांना आणि मेंदूला एक जीवनसत्त्व लागतं. ते भातात नसतं, भाजीत नसतं. मासळीत असतं, कलेजीत, अंड्यात, दुधात. इथले भटजी मासळी खात नाहीत, पण वाटीभर दही तरी चापतात. हिच्या पोटात सतरा वर्षं काहीच गेलं नाही. अंगात साठा होता तो संपला. आता नसा सुकतायत, आणि त्यांच्याबरोबर आठवण."

"बरी व्हईल?" वेणूनं विचारलं.

"आत्ता सुरू केलं तर होईल. इंजेक्शनं देतो, वर मासळी सुरू करा. पण सहा महिने, फार तर. पुढं हंडाभर औषध ओतलंत तरी गेलेलं परत यायचं नाही, सांगून ठेवतो."

काशीराम इतका वेळ दाराशी उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, "इंजक्शन कशाचा करतात?"

"कलेजीच्या अर्काचं."

"म्हंजे नवस मोडलाच."

"अरे बाबा, तोंडानं खायचं नाही, दंडात टोचायचं आहे!"

"आंगातच जातं ना?"

मग मालूबाईच म्हणाली, "डाक्टर, माज्या पोराला काय झाला तर तुमी भरून दियाल?" डॉक्टरांनी हात जोडले आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परत येताना काशीराम पुढं झपाझप चालत होता आणि या दोघी मागून. मालूबाईनं वेणूचा दंड घट्ट धरला होता. बंदराच्या उतारावर ती हळूच म्हणाली, "काशा बोलला तर खाईन गो मी. त्यानं आपल्या तोंडानं बोलाला पायजे. मना धवले जातान, वेणू. एकेक करून जातान, मना समजतं." म्हणजे हिला सगळं कळत होतं.

वेणूनं भीमाबाईला गाठलं. भीमाबाई म्हणाली, मालूबाईच्या घराण्याची रीतच आहे, ज्याच्या जिवासाठी नवस बोललेला असतो त्यानंच तो सोडवायचा. देवीपुढं नारळ ठेवायचा, घरी यायचं, पहिला घास आपल्या हातानं भरवायचा आणि म्हणायचं, आये, आता खा. "दोन शब्दांचा काम हाय," भीमाबाई म्हणाली, "देवी काय पोलीस हाय काय?"

दोन शब्दांचं काम! काशीरामला ते सांगितलं तेव्हा तो नाही म्हणाला नाही. तो कधीच नाही म्हणाला नाही. श्रावण होऊ दे, म्हणाला. मग गणपतीत नको. मग पितरपाटात तर नकोच नको. दिवाळी झाली, मिठागरं सुरू झाली, आता फुरसत कुठाय. शिमगा झाल्यावर. मग चैत्रात कार्ल्याची जत्रा आहेच, देवीसमोरच नारळ ठेवतो, म्हणाला. डॉक्टरांनी दिलेले सहा महिने माघातच संपले होते. इकडं मालूबाई चूल पेटवून विसरत होती. जेवली तरी पेज मागत होती. उखळाचा धवला गेला, मेढीचा गेला. तिला आता कुणी लग्नाला बोलवत नव्हतं. भीमाबाई एकटीच गायची, आणि पुढं कुणी ओळ उचलणारंच नसल्यामुळं निम्मं सोडून द्यायची.

चैत्रात काशीराम कार्ल्याला जाऊन आला. खरंच गेला, खरंच नारळ ठेवला. वेणूनं त्या दिवशी खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलं होतं, सासूला न्हाऊ घातलं होतं, स्वच्छ लुगडं नेसवलं होतं. मालूबाई पाटावर बसली. तिला त्या दिवशी सगळं स्वच्छ आठवत होतं, असे दिवस अजून अधूनमधून येत. तिनं हात धुतले आणि लेकाच्या तोंडाकडं बघत बसली. भीमाबाई उंबऱ्यात होती. काशीरामनं भात कालवला, मासळीचा तुकडा घातला, घास केला, उचलला. हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. वेणूनं बघितलं, त्याची नजर आईकडं नव्हतीच, ती स्वतःच्या वाकड्या मनगटावर होती.

"फुडल्या आवशीला करू," तो म्हणाला. "आज दिवस बरा नाय." आणि तो घास त्यानं स्वतःच्या तोंडात घातला.

मालूबाईनं आपलं वेगळं मडकं ओढलं, कोरडा भात काढून घेतला आणि मीठ लावून खाल्ला. भीमाबाई उंबऱ्यातच थुंकली आणि निघून गेली. पुढली अमावास्या आली आणि गेली.

वेणूला नवऱ्याची शिसारी आली. पण ती काय वेगळी निघाली? अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काशीराम कामावर होता. घरात दोघीच. सासूच्या ताटात भात वाढलेला, आणि चुलीवर जवळ्याचं कालवण रटरटत होतं. वेणूनं पळी भरली. नुसता रस्सा, भाताखाली मुरून गेला असता, सासूला कळलंही नसतं. रोज एक पळी, कुणाला पत्ता लागला नसता. पळी ताटावर धरली, आणि तिला आपल्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसल्या. खरंच काही झालं तर? डॉक्टरांचं बोलणं तिला पटलेलं होतं, सगळं पटलेलं होतं. तरी तिनं ती पळी परत भांड्यात ओतली. काशीरामला भित्रा म्हणायचा हक्क त्या दुपारी तिचा गेला, आणि हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतर मालूबाई भराभर उतरणीला लागली. घरातली वाट चुकायची. भीमाबाईला ओळखेना. वेणूला कधी आपली आई समजायची, कधी कुणीच नाही. बासष्टच्या उन्हाळ्यात एक दिवस वेणू निखाऱ्यावर सुके बोंबील भाजत होती. वास सुटला. मालूबाई भिंतीला धरत धरत आली, चुलीपाशी लहान पोरीसारखी उकिडवी बसली आणि म्हणाली, "मना दे ना."

मालूबाईनं वाट बघितली नाही. तिनं निखाऱ्यावरचा बोंबील उचलला, फुंकला आणि खाल्ला. दुसरा उचलला. किती वर्षांनी! तिच्या तोंडावर असा आनंद होता की वेणूला रडू फुटलं. नवस मोडला नव्हता, नवस तिच्या डोक्यातूनच गळून गेला होता.

नेमका तेव्हाच काशीराम दारात आला. त्यानं बघितलं आणि तो ओरडला, "आये! काय केलास! माजा जीव घेतलास तू!"

मालूबाईनं वर बघितलं. मग वेणूकडं वळून हलक्या आवाजात विचारलं, "कोन गो हा? ह्याला बी दे एक. भुकेला दिसतो."

काशीराम त्या रात्री मेला नाही. दुसऱ्या दिवशी मेला नाही. तीन दिवस घोंगडी घेऊन पडून राहिला, नाडी बघत, छातीवर हात ठेवून. साधी शिंकदेखील आली नाही. चौथ्या दिवशी उठला, आईला पाठुंगळी घेतली आणि डॉक्टरांकडं गेला. डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी ऐकायचं होतंस." पण इंजेक्शनं सुरू केली. काशीराम दर आठवड्याला तिला उचलून न्यायचा. लोक म्हणायचे, काय लेक आहे! वेणू तोंड फिरवायची.

औषधानं काही केलं नाही असं नाही. तोंडावर रंग आला. जीभ बरी झाली. काठी धरून अंगणापर्यंत चालायला लागली. आणि पावसाळा संपता संपता डोक्यातलं धुकंही थोडं हललं. जुनं, फार जुनं काही काही वर आलं. धवले नाही आले. बारा गावांची नावं नाही आली. ती त्या घरांतल्या लोकांनाही ठाऊक नव्हती, ती कायमची गेली. पण एक दिवस काशीराम तिला भात भरवत होता, त्यात बोंबलाचा तुकडा होता, आणि तिनं घास तोंडाशी येताच मान मागं घेतली.

"नको बाबा," ती म्हणाली. "मी म्हावरं खात नाय. माजा पोर तापानं निजलाय. सात वर्सांचा हाय. देवीला बोललेय मी."

काशीरामनं घास ताटात ठेवला. वेणू चुलीपाशी होती, तिनं मान वर केली.

"आये," तो म्हणाला, "आये, मीच तो. मी बरा झालो. आता खा. आये, आता खा."

दोन शब्द! दोन वर्षं ते त्याच्या तोंडातून निघाले नव्हते. आता तो ते पुन्हा पुन्हा म्हणत होता, वाकडं मनगट तिच्यापुढं धरून, हे बघ आये, बांधावरशी परलेलो, आठव. मालूबाईनं त्या दांडग्या माणसाकडं दयेनं बघितलं. ती काही रागावली नाही.

"तू भला मानूस दिसतोस," ती म्हणाली, "पन तू सांगून कसा चालंल? माजा काशा उठंल, त्याच्या तोंडानं बोलंल, तवा खाईन मी."

ती पुढं सहा वर्षं जगली. डॉक्टर दंडात टोचत राहिले, पण म्हावऱ्याचा घास तिनं पुन्हा घेतला नाही. काशीराम रोज जेवणाच्या वेळी तिच्यासमोर बसून ते दोन शब्द म्हणायचा आणि ती रोज त्याला तेच उत्तर द्यायची, आणि मग आपल्या ताटातला कोरडा भात त्याच्यापुढं सारून म्हणायची, "तू जेव बाबा. आनि जाताना माज्या पोराच्या कपालाला हात लावून बग, ताप उतारला काय."